दूरचा संगणक आणि दिलेला अधिकार

रात्रीचे दहा वाजले होते. पुण्यातील माझ्या खोलीत बसून मी गावाकडच्या घरातील संगणक चालवीत होतो. धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या दिवशी भरावयाचा होता. त्यासाठी लागणारे दाखले त्या संगणकात चार ठिकाणी विखुरलेले होते. ते एकत्र लावून ठेवावेत, एवढाच माझा हेतू होता. काम निम्मे झाले असेल नसेल, तोच संपर्क एकाएकी तुटला. दोन मिनिटांत आईचा फोन आला. तिचा आवाज कापत होता. "अरे, आपल्या कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप फिरत होता. कोणीतरी आत शिरलंय. मी वायरच ओढून काढली."

आत शिरलेला तो ‘कोणीतरी’ मीच होतो. तसे सांगितल्यावर आईचा जीव भांड्यात पडला आणि मला प्रथम हसू आले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू ओसरले. आईचे काय चुकले होते? आपल्या घरातील वस्तू न दिसणाऱ्या हाताने हलू लागली, म्हणून तिने त्या हाताची वाट बंद केली. चूक माझी होती. मी तिला न सांगता तिच्या घरात गेलो होतो.

त्या प्रसंगातून हा लेख सुचला. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज नोकरीव्यवसायानिमित्त दूरच्या शहरांत व परदेशांत आहेत. त्यांचे आईवडील गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी आहेत. घरोघरी संगणक वा भ्रमणध्वनी आला आहे, आणि दाखले, सातबारा, निवृत्तिवेतन, बँक अशी कामे त्यावरून होऊ लागली आहेत. अशा वेळी एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक चालविण्याची विद्या फार उपयोगी पडते. तीच विद्या फसवणूक करणाऱ्यांच्या हातातील हत्यारही झाली आहे. म्हणून तिचे तंत्र आणि तिची मर्यादा या दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे.

दूरनियंत्रण म्हणजे नेमके काय?

दोन संगणक आहेत असे समजू. ज्याच्यावर प्रत्यक्ष काम व्हावयाचे आहे, त्याला आपण यजमान संगणक म्हणू. ज्याच्यापुढे आपण बसलो आहोत, तो पाहुणा संगणक. दूरनियंत्रणात या दोघांमध्ये केवळ दोन गोष्टींची देवाणघेवाण होते. यजमानाच्या पडद्यावरील चित्र पाहुण्याकडे येते, आणि पाहुण्याकडील कळफलकाच्या व माउसच्या हालचाली यजमानाकडे जातात. बाकी सारे काम यजमान संगणकच करतो. धारिका त्याच्याच डिस्कवर राहतात, आज्ञावली त्याच्याच स्मृतीत चालते, छपाई त्याच्याच छपाईयंत्रावर होते. म्हणूनच पाहुणा संगणक जुना वा अशक्त असला तरी चालतो. त्याला फक्त चित्र दाखवावयाचे असते आणि कळा पोहोचवावयाच्या असतात.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घ्यावी. यजमान संगणकाच्या दृष्टीने दूरवरून आलेली कळ आणि समोर बसलेल्या माणसाने दाबलेली कळ यांत बहुधा फरक नसतो. समोरच्या माणसाला जे जे करता येते, ते ते सर्व पाहुण्याला करता येते. पत्रे वाचणे, छायाचित्रे पाहणे, पैसे पाठविणे, सर्व काही. या विद्येचे सामर्थ्य आणि तिचा धोका हे दोन्ही या एकाच गोष्टीत आहेत.

दोन अक्षरांची सुरुवात

ही कल्पना आजची नाही. आजच्या इंटरनेटचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या अर्पानेट या जाळ्यावरील पहिला संदेश हाच मुळी दूरच्या संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न होता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत चार्ली क्लाइन हा विद्यार्थी संगणकापुढे बसला होता. पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात त्याला ‘लॉगिन’ करावयाचे होते. त्याने ‘एल’ हे अक्षर टंकित केले, मग ‘ओ’. ‘जी’ टंकित करताच पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने तो प्रयत्न यशस्वी झाला.

या घटनेतील आणखी एक तपशील लक्षणीय आहे. प्रयोग चालू असताना दोन्ही टोकांची माणसे दूरध्वनीवर एकमेकांशी बोलत होती. हे अक्षर पोहोचले का, ते अक्षर पोहोचले का, असे विचारीत होती. पहिल्या दूरप्रवेशाच्या वेळी यंत्राच्या जोडीला माणसाचा आवाज होता. मी त्या रात्री जे केले नाही, ते त्यांनी पहिल्याच दिवशी केले होते.

पुढील काळात टेलनेट नावाच्या पद्धतीने दूरच्या संगणकावर केवळ अक्षरांच्या साहाय्याने काम करता येऊ लागले. तिच्यात एक मोठा दोष होता. पासवर्डसह सर्व मजकूर उघड्या पत्रासारखा जाळ्यातून जात असे. वाटेवर बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यात सारा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. उघडे पत्र जाऊन लाखबंद लिफाफा आला, असे म्हणता येईल. आजही जगभरातील सर्व्हर सांभाळणारे लोक रोज हीच पद्धत वापरतात.

चित्रासह संपूर्ण पडदा पाठविण्याच्या पद्धतींपैकी व्हीएनसी ही इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. मायक्रोसॉफ्टची आरडीपी ही पद्धतही त्याच वर्षी सर्व्हरसाठी आली आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या व्यावसायिक आवृत्तीतून सामान्य संगणकांपर्यंत पोहोचली.

पडदा प्रवास कसा करतो?

पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्रासाठी सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी तीस चित्रे पाठवावयाची म्हटल्यास जवळजवळ १,५०० मेगाबिट वेगाची वाहिनी हवी. घरगुती जोडणीत एवढा वेग सहसा नसतो.

मग हे साधते कसे? युक्ती साधी आहे. आपण पत्र लिहीत असताना पडद्यावर प्रत्यक्षात काय बदलते? फक्त नवे अक्षर उमटलेला तेवढा लहानसा चौकोन. म्हणून यजमान संगणक पूर्ण चित्र एकदाच पाठवितो. त्यानंतर जो चौकोन बदलला असेल तेवढाच, तोही दाबून लहान करून, पाठवितो. उलट दिशेचा मजकूर तर अगदीच अल्प असतो. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत एक कळ दाबल्याची बातमी ८ बाइटमध्ये मावते, आणि माउसचा बाण कोठे आहे व कोणते बटण दाबले आहे, हे ६ बाइटमध्ये. लिहिणे-वाचणे दुरून सहज जमते, मात्र चित्रपट पाहू गेल्यास तो अडखळतो, याचे कारण हेच. चित्रपटात सारा पडदाच सतत बदलत असतो.

वेगाबरोबर विलंबाचाही विचार करावा लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून नागपूरला जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. मुंबईहून लंडनला जाऊन येण्यास मात्र सरळ रेषेतसुद्धा सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो, आणि तारा सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्ष विलंब त्याहून अधिक असतो. परदेशातून घरचा संगणक चालविताना बाण किंचित मागे रेंगाळतो तो यामुळे. अशा वेळी घाईने दोनदा बटण दाबू नये. पहिल्या कृतीचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे.

घरातल्या घरात पहिला प्रयोग

ही विद्या शिकण्यास सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आपले घर. एकाच राउटरला जोडलेले दोन संगणक घ्यावेत. पुढचा क्रम सोपा आहे.

प्रथम यजमान संगणकाचा पत्ता शोधावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की पत्ता दिसतो. घरातील पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. हे पत्ते खासगी असतात. शेजारच्या घरातही तेच अंक असू शकतात आणि घराबाहेरील जगाला ते दिसत नाहीत. शाळेच्या वसतिगृहात ‘खोली क्रमांक तीन, दुसरी खाट’ हा पत्ता आत पुरेसा होता, पण टपालवाल्याला त्याचा उपयोग नव्हता, तसेच हे आहे.

नंतर यजमान संगणकावर दूरप्रवेशाची परवानगी सुरू करावी. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत सेटिंग्जमधील सिस्टम या भागात ‘रिमोट डेस्कटॉप’ हा पर्याय असतो. ‘होम’ आवृत्तीचा संगणक या पद्धतीने यजमान होऊ शकत नाही, पाहुणा मात्र होऊ शकतो. अनेकांचा वेळ हे ठाऊक नसल्यामुळे वाया जातो. मॅक संगणकात ‘शेअरिंग’ या भागात पडदा सामायिक करण्याची सोय आहे. ‘होम’ आवृत्ती असलेल्यांनी व्हीएनसी प्रकारची आज्ञावली वापरावी. मात्र व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पडद्याचे चित्र कुलूपबंद होत नाही. म्हणून ती घराच्या आत वापरावी, किंवा मजकूर कुलूपबंद करणारी आवृत्ती निवडावी.

त्यानंतर पाहुण्या संगणकावर तो पत्ता टाकावा, यजमान संगणकावरील खात्याचे नाव व पासवर्ड द्यावा, की दुसरा पडदा पहिल्यावर उमटतो.

येथे दोन पद्धतींतील एक भेद ध्यानात ठेवावा. आरडीपीने जोडल्यावर यजमानापुढील पडदा बंद होतो. समोर बसलेल्या माणसाला पाहुणा काय करतो आहे ते दिसत नाही. व्हीएनसीत दोघांनाही एकच पडदा एकाच वेळी दिसतो. आपलाच दुसरा संगणक वापरावयाचा असेल तर पहिली पद्धत सोयीची. कोणाला शिकवावयाचे वा मदत करावयाची असेल तर दुसरीच योग्य.

यजमान झोपी गेला असेल, म्हणजे वीज वाचविण्याच्या अवस्थेत असेल, तर हाकेला उत्तर मिळत नाही. त्यासाठी ‘वेक ऑन लॅन’ नावाची सोय आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा एक कायम क्रमांक असतो. एक ठरावीक खूण आणि तिच्यामागे हा क्रमांक सलग सोळा वेळा लिहिलेला, असा १०२ बाइटचा संदेश घराच्या जाळ्यात पाठविला, की ते कार्ड आपले नाव ओळखते आणि संगणकाला जागे करते. तारेने जोडलेल्या संगणकावर ही सोय अधिक भरवशाची ठरते.

घराबाहेरून येताना

घराबाहेर पडल्यावर प्रश्न बदलतो. बाहेरच्या जगाला आपले सारे घर राउटरच्या एकाच पत्त्याने दिसते. पुष्कळ ठिकाणी तर सेवा देणारी कंपनी अनेक घरांना मिळून एकच बाह्य पत्ता देते. मग पुण्याहून निघालेला संदेश गावच्या घरातील नेमक्या संगणकापर्यंत कसा पोहोचणार?

पहिला मार्ग म्हणजे राउटरमध्ये थेट दार उघडणे, ज्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हा मार्ग सामान्य घराने टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आरडीपीचे दार ३३८९ आणि व्हीएनसीचे ५९०० या क्रमांकाचे असते, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. असे उघडे दार शोधत फिरणाऱ्या स्वयंचलित आज्ञावली अहोरात्र चालू असतात, आणि त्या हजारो पासवर्ड एकामागून एक लावून पाहतात. दारातच खोट निघाली तर पासवर्डचीही गरज राहत नाही. २०१९ च्या मे महिन्यात विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमधील दूरप्रवेशाच्या सोयीत ‘ब्लूकीप’ नावाची अशीच खोट उघडकीस आली. ती इतकी गंभीर होती, की ज्या विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने केव्हाच थांबविली होती, तिच्यासाठीही दुरुस्ती द्यावी लागली.

दुसरा मार्ग मध्यस्थाचा. दोन्ही संगणक आपापल्या घरातून बाहेर पडून एका मध्यस्थ सर्व्हरला भेटतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. बाहेरून आत येणारे दार उघडावे लागत नाही. विंडोजमधील ‘क्विक असिस्ट’ ही अशीच सोय आहे. मदत करणारा आपल्या खात्याने प्रवेश करून एक तात्पुरता संकेतांक मिळवितो. मदत घेणारा तो आपल्या संगणकावर टाकतो आणि पडदा दाखविण्यास संमती देतो. बाण हलविण्याचा अधिकार मदतनिसाला वेगळा मागावा लागतो आणि यजमानाने तो वेगळा द्यावा लागतो. काम संपताच संबंध संपतो. घरच्या माणसांना मदत करण्यासाठी मला हा मार्ग सर्वांत योग्य वाटतो, कारण त्याच्या रचनेतच विचारणे आणि देणे आहे.

तिसरा मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे दोन घरांमध्ये एक कुलूपबंद खासगी बोगदा तयार करण्याचा. तंत्राची थोडी अधिक ओळख असलेल्या आणि वारंवार आपलाच संगणक वापरावा लागणाऱ्या माणसाला तो उत्तम.

हेच हत्यार चोराच्या हाती

आता मूळ धोक्याकडे वळू. फसवणूक करणाऱ्याला संगणकाची खोट शोधण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. तो माणसालाच दार उघडावयास लावतो. फोन येतो. बोलणारा आपण बँकेतून, वीज कार्यालयातून किंवा तक्रार निवारण केंद्रातून बोलत असल्याचे सांगतो. तुमचे खाते आज बंद पडेल, वीज रात्री तोडली जाईल, अशी भीती घालतो, नाहीतर अडकलेले पैसे परत मिळवून देण्याचे आमिष दाखवितो. मग एक ॲप उतरवून घ्यावयास सांगतो आणि त्यात दिसणारा क्रमांक विचारतो. तो क्रमांक सांगितला आणि संमतीचे बटण दाबले, की आपला पडदा त्याच्यापुढे उघडा होतो. त्यानंतर आपण टंकित केलेला पिन आणि संदेशातून आलेला ओटीपी तो आपल्याबरोबरच वाचतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा दूरप्रवेशाच्या ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. लक्षात घ्यावे, की ही ॲप बहुधा खोटी नसतात. कार्यालयांत रोज वापरली जाणारी ती प्रामाणिक साधने आहेत. खोटा असतो तो ती मागणारा माणूस. म्हणून केवळ ‘अमुक ॲप धोक्याचे’ असे पाठ करून भागणार नाही. एक नियम मात्र घरातील प्रत्येकाने पाठ करावा. ज्याला आपण स्वतः फोन लावलेला नाही, त्याला आपला पडदा दाखवावयाचा नाही. बँकेचे काम असेल तर पासबुकावरील क्रमांकावर आपण फोन करावा, किंवा शाखेत जावे.

आणि तरीही दार उघडले गेलेच, तर क्रम असा ठेवावा. प्रथम इंटरनेट बंद करावे. वाय-फाय व मोबाइल डेटा दोन्ही. काहीच सुचले नाही तर माझ्या आईप्रमाणे वायर ओढावी, भ्रमणध्वनी बंद करावा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार होते, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर ते ॲप काढून टाकावे आणि दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून सर्व पासवर्ड बदलावेत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट घरातील तरुणांना सांगावीशी वाटते. फसलेला माणूस बहुतेक वेळा लाजेने गप्प बसतो. मुलगा रागावेल, सून हसेल, या भीतीने तो मोलाचे तास दवडतो. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी मजुरीतून एकेक रुपया साठवून आपल्याला या शाळेत ठेवले. त्यांना ‘तुम्हाला एवढेही कळत नाही का?’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी पहिला फोन आपल्यालाच करावा, एवढा विश्वास आपण आधीपासून मिळवून ठेवला पाहिजे.

पत्र्याची पेटी

आपल्या वसतिगृहात प्रत्येकाच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात दोन कपडे, घरची पत्रे, कोणाची चटणीची बरणी, कोणाचे जपून ठेवलेले दहा रुपये असत. कुलुपे तकलादू होती, एखाद्या खिळ्यानेही उघडली असती. तरीही दुसऱ्याच्या पेटीला हात लावावयाचा नाही, हे आम्हांला कुलुपाने शिकविले नव्हते. रोज सकाळी वंदनेच्या वेळी आपण पंचशील म्हणत असू. त्यातील दुसरे शील अदिन्नादानापासून दूर राहण्याचे आहे. त्याचा अर्थ गुरुजी नेहमी नेमका करून सांगत. केवळ चोरी करू नये, एवढाच तो अर्थ नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, असा तो अर्थ आहे.

संगणक ही आजची पत्र्याची पेटी आहे. दूरनियंत्रणाच्या बाबतीत ‘दिलेले’ आणि ‘न दिलेले’ यांतील रेषा फार बारीक असते, म्हणून ती जाणीवपूर्वक आखावी लागते. आईने छपाईयंत्र दुरुस्त करण्यासाठी पडदा दिला, तर छपाईयंत्र दिले आहे, तिची पत्रे दिलेली नाहीत. आज दिला, तर आजचा दिला आहे, कायमचा दिलेला नाही. मित्राने पासवर्ड एकदा सांगितला, म्हणून तो पुन्हा वापरण्याची मुभा मिळत नाही. कायदाही हेच सांगतो. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ मध्ये येते. तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु कायद्याची वेळ येण्याआधीच थांबविते ते शील.

त्या रात्रीनंतर मी माझ्यापुरते काही नियम केले. जोडणी करण्यापूर्वी फोन करावयाचा आणि जोडणी चालू असेपर्यंत बोलत राहावयाचे. काय करणार आहे ते आधी सांगावयाचे, मग बाण हलवावयाचा. ज्या कामासाठी आत गेलो तेवढेच करावयाचे. काम संपले की ‘मी बाहेर पडलो’ असे सांगून, ते यजमानाला पडद्यावर पाहावयास लावावयाचे. आणि केव्हाही, कारण न विचारता आत येऊ देणारी जोडणी घरच्या संगणकावर ठेवावयाची नाही. माझी तशी जोडणी मी दुसऱ्याच दिवशी, आईला फोनवर ठेवून, तिच्याच हातून काढून टाकविली.

बाण कोणाच्या हाती?

शेवटी एक नियम उरतो, तो पाळण्यास सर्वांत कठीण आहे. दुरून बाण आपल्या हाती आला, की सारे काम आपणच झटपट उरकून टाकण्याचा मोह होतो. पाच मिनिटांत काम होते. आईही समाधानी होते. मात्र पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा येतो, कारण तिने केवळ पळणारा बाण पाहिलेला असतो. प्रत्येकाने स्वतःचा दीप स्वतः व्हावे, असे सांगणाऱ्या मार्गदात्याचे आपण अनुयायी आहोत. दुसऱ्याला कायम आपल्यावर अवलंबून ठेवणारी मदत ही अपुरी मदत आहे.

म्हणून मी आता पडदा पाहतो, पण शक्यतो बाण मागत नाही. "आई, वर डाव्या कोपऱ्यात बघ. निळी खूण दिसते का? तिच्यावर ने," असे सांगतो. पाच मिनिटांचे काम पंचवीस मिनिटांत होते. मधल्या वेळात पावसाची, शेजारणीच्या नातवाची बातमी कळते. यंदा बहिणीचा अर्ज भरताना दाखले जोडण्याचे काम आईनेच केले. मी पुण्यात फोन कानाला लावून नुसता पडदा पाहत होतो. अर्ज सादर झाल्याची खूण उमटली तेव्हा ती म्हणाली, "आता तू जा बाहेर. बंद केलं का तुझं? मला इथे दिसू दे."

मी जोडणी बंद केली. तिने पडद्यावर खात्री करून घेतली, आणि मगच फोन ठेवला.